एका ओळीची पेटी

आमच्या ह्यांनी जन्मभर तबला वाजवला आणि जन्मभर एकाच प्रश्नाला उत्तर दिलं. कुठल्याही गावी कार्यक्रमाला निघाले, की वाटेत भेटणारा विचारायचाच, "गानार कोन हाय?" हे म्हणायचे, "कोनीच नाही. निस्ता तबला." मग तो माणूस जरा थांबायचा, ह्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहायचा आणि धीर द्यायचा, "येईन, येईन. वाटंत असंन तो."

ह्या प्रश्नाला मी फार दिवस हसत असे. नंतर तो आमच्याच घरात, आमच्याच माणसाच्या तोंडी आला तेव्हा हसू आटलं. मला सांगायची आहे ती तीच हकीकत. पण नमनाला घडाभर तेल लागणारच. तबल्याच्या घरात नांदले आहे, एकदम मुद्द्यावर यायची आम्हाला सवय नाही.

माझं माहेर वाशीमचं. मी मराठी चौथी शिकलेली, म्हणजे त्या वेळच्या मानाने पंडिताच. किन्हीराजाच्या एका शेतकरी घरातून मागणी आली तेव्हा माझ्या वडिलांना सांगण्यात आलं, की जमीन बरी आहे, शेती थोरला भाऊ पाहतो, धाकट्याला तेवढा तबल्याचा नाद आहे. वडिलांना वाटलं, कोणाला तंबाखूचा नाद असतो, कोणाला तबल्याचा. लग्न झालं की सुटेल. तंबाखू सुटलेली माणसं मी पुढे पाहिली.

हा नाद लागला तोही वाशीममध्येच. कापसाची गाडी घेऊन बाजाराला गेलेला हा पोरगा एका दुकानापुढे थांबला. गाद्या-रजया भरायचं दुकान ते. तिथले उस्ताद पूर्वी हैदराबादकडे कुठल्याशा नवाबाच्या पदरी तबला वाजवत. ती चाकरी गेली तसे मेव्हण्याच्या आधाराने वाशीमला येऊन कापूस पिंजत बसले होते. गिऱ्हाईक नसलं की दुपारचा तबला काढत. हा पोरगा ऐकत उभा राहिला तो उभाच राहिला, आणि जुंपलेले बैल शेवटी आपले आपणच घराच्या वाटेला लागले. त्यानंतर गाडीत कापूस असो नसो, बाजाराच्या दिवशी गाडी वाशीमला जायचीच. गाडी कोणी हाकायची हे थोरले भाऊ ठरवत, आणि ते दर वेळी धाकट्यालाच पाठवत. सासरे लवकर गेलेले, ह्यांना लहानाचं मोठं थोरल्यांनीच केलेलं. "काहून जाते?" असं त्यांनी कधी विचारलं नाही.

हे थोरले म्हणजे माझे भासरे. आमच्याकडे भावजयीने भासऱ्यापुढे यायचं नाही. आलंच तर पदर नाकापर्यंत, आणि बोलणं दोन्हीकडून बंद. पण एका घरात राहायचं तर बोलल्यावाचून भागतं थोडंच? आमच्या माजघराच्या दाराशी एक सागवानी खांब होता, त्याच्यावर सगळं काम चालायचं. भासरे ओसरीवरून खांबाला म्हणत, "खांबा, च्या झाला का?" मी आतून खांबाला म्हणे, "खांबा, साखर सरली. गुळाचा चालंन का?" तिकडून उत्तर येई, "चालंन म्हना." आमच्या घरातला सगळ्यात बोलका माणूस म्हणजे तो खांब. भासऱ्यांनी माझा चेहरा वर्षानुवर्षं पाहिला नसेल. मी मात्र पदराआडून त्यांना पुरतं पाहून घेतलं होतं. उंच, काळे, पंजे सुपाएवढे. बोलणं मोजकं, आणि तेही बहुतेक बैलांशी.

माझी हळद उतरली नव्हती तेव्हाची गोष्ट. दुपारी भासरे वावरात गेलेले, जाऊबाई धान्य निवडत बसलेल्या, आणि ह्यांनी मला कडब्याच्या खोलीत हळूच बोलावलं. मी नवी नवरी. मला वाटलं, काही गोडीगुलाबीचं बोलणं असेल. जाऊन पाहते तर समोर एक जुनी पेटी, तिच्या भात्याला ठिगळ, आणि हे तबला मांडून बसलेले. म्हणाले, "हे बोट इथं ठेव."

झालं ते असं, की नुसत्या तबल्यालाही एक सोबत लागते. पेटीवर नाहीतर सारंगीवर कोणीतरी सुरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा, जराही न बदलता वाजवत राहायचं. तिला नगमा म्हणतात. ओळ संपून पुन्हा सुरू होते ती जागा म्हणजे सम. तबला वाजवणाऱ्याने कितीही भटकावं, वाटेल त्या गल्लीत शिरावं, समेवर मात्र त्याला घरी यावं लागतं. घर कुठे आहे हे सांगायचं काम नगम्याचं. किन्हीराजात असा नगमा धरणारा कुठून आणायचा? म्हणून ह्यांनी बायको केली, असं मी पुढे जन्मभर ऐकवत आले.

ती ओळ मला लवकर आली. मोठ्या तोऱ्यात मी विचारलं, "आता दुसरी शिकवा." हे म्हणाले, "दुसरी कायले पाह्यजे?"

आणि खरंच, मला पेटीवर ती एकच ओळ आली, आजतागायत. जाऊबाईंना वाटायचं ही मोठी पेटीवाली. एकदा त्या लाडाने म्हणाल्या, "अवं, माह्यासाठी एखांदा पाळना वाजव ना." मी म्हटलं, "बाई, मले हेच येते." त्यांनी ती ओळ थोडा वेळ ऐकली आणि म्हणाल्या, "बरं हाय. पन पुढं काय होते?" पुढे काही होत नाही, हे त्यांना पटवता पटवता माझी पुरेवाट झाली.

ओळ एक असली तरी ती सरळ ठेवणं सोपं नव्हतं. आपल्याला कंटाळा येतो, हात वळवळतो. एक दिवस मी ओळीच्या शेवटी माझ्या मनाची एक छोटी मुरकी जोडून दिली. ह्यांचा तबला भिंतीवर आदळल्यासारखा थांबला. माझ्याकडे बघून म्हणाले, "घर हालवलं ना तू माह्यं." रागावले असते तर मी उलट बोलले असते. पण आवाजच असा काढला, की त्यानंतर मी मुरकीच्या वाटेला गेले नाही. उस्ताद एकदा आमच्याकडे आले तेव्हा ह्यांनी त्यांना दाराआडून माझा नगमा ऐकवला. उस्ताद म्हणाले, "बहू तो सीधी चलती है, बेटा. अब कुछ बिगड़ा तो कसूर तेरा." हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं आणि गरज पडेल तेव्हा वापरलं.

मुलगी झाली तशी आमच्या रियाजात तिसऱ्याची भर पडली. पाळण्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली, डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने ती ओळ. सुरुवातीला तबला संथ असायचा, पाळणाही संथ, मुलगी गाढ झोपायची. मग हे रंगात येऊन लय वाढवत. माझी ओळ वाढे, अंगठा वाढे, पाळणा वाढे, आणि ऐन बहारीच्या ठिकाणी मुलगी टाहो फोडायची. हे म्हणायचे, पोरीला द्रुत लय सोसत नाही. मी म्हणायचे, पोरीला शहाणपण आहे.

हे सगळं चालायचं ते भासरे वावरात असताना. भाऊ तबला वाजवतो हे त्यांना ठाऊक होतं, पेटी कोण वाजवतं हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि जाऊबाईंनी सांगितलं नव्हतं. भावजयीच्या हातातली पेटी हा विषय खांबालाही पेलला नसता.

ह्यांचं नाव झालं ते एका गवयाच्या घशामुळे. अकोल्याला कोणा मोठ्या घरच्या लग्नात एका गवयामागे वाजवायला हे गेले होते. ऐन वेळी गवयाचा घसा बसला. पाहुणे बसलेले, यजमान घामाघूम. हे म्हणाले, तोवर मी वाजवतो. ते "तोवर" जेवणाची पानं मांडेपर्यंत चाललं. पुढे अमरावती झालं, नागपूर झालं, एकदा इंदूरकडेही बोलावणं आलं. मागे बसणारा माणूस पुढे बसायला लागला. गावोगावचे लोक शाल-नारळ देत. हे घरी आले, की शाल जाऊबाईंच्या हाती ठेवत आणि नारळ भासऱ्यांपुढे. भासरे नारळ हलवून पाहत, पाणी आहे म्हणत, आणि तिथे तो विषय संपे.

मग गावाच्या मनात आलं, की आपला माणूस आपणही ऐकला पाहिजे. हनुमान जयंतीला मारुतीच्या पारावर बैठक घातली. शिरपूरहून एक पेटीवाले आले होते, पारावर तेच नगमा धरणार होते. भासरे नवा फेटा बांधून पुढच्या रांगेत बसले. मी इतर बायांबरोबर बाजूला, पदर ओढून.

ह्यांनी सुरुवात केली. शिरपूरकरांची पेटी तीच ओळ घोळत होती, तबला हळूहळू उमलत होता. मला वाटत होतं, आता लोक माना डोलावतील. पण बघते तर लोक माना वळवून वेशीकडे पाहताहेत. गाणारा अजून आला नाही! माझ्या शेजारची म्हातारी हळहळली, "बिच्चारा. एकलाच वाजवून राह्यला." थोडा वेळ गेला, आणखी थोडा गेला. लोकांचा जीव खालीवर व्हायला लागला. आपल्या गावचा पोरगा, पाहुण्या पेटीवाल्यापुढे फजीत होतोय, आणि आपण नुसतं बघत बसायचं? शेवटी आमच्या गावचे पाटील उठले. मोठ्या मनाचा माणूस, आणि आवाजही मनाएवढाच. त्यांनी एक हात कानाला लावला आणि अभंग उचलला.

पुढचं काय विचारता! वाट बघत बसलेलं गाव एकदम मोकळं झालं. कोणी टाळ आणले, कोणी चिपळ्या. शिरपूरकर भिडस्त, त्यांनी निमूट चाल धरली. ह्यांनी क्षणभर हात वर ठेवले, पाटलांकडे पाहिलं, आणि मग खाली मान घालून भजनाचा ठेका धरला. भजन मात्र असं रंगलं, की मारुतीच्या पारावर तसं पुन्हा झालं नाही.

घरी आल्यावर भासरे समाधानाने म्हणाले, "पाटलानं लाज राखली तुही, लहान्या."

हे जेवले नाहीत. मला म्हणाले, गाढवापुढे वाचली गीता. मी म्हटलं, "गाढवायनं निदान टाळ तरी धरला." त्यावर ते हसले नाहीत, तेव्हा मी ओळखलं की जखम खोल आहे. त्या दिवशी त्यांनी ठरवून टाकलं, की ह्या गावात लोकांपुढे पुन्हा तबला मांडायचा नाही. आणि मांडला नाही. बाहेरगावी हे लोकांना डोलायला लावत, इथे शेजारी विचारत, "काहो, गानारा भेटला का यंदा?"

ह्यांची जखम मला दिसत होती. भासऱ्यांची दिसायला उशीर लागला. एकदा जेवणानंतर ते ओसरीवर जाऊबाईंशी बोलत होते, मी आत भांडी आवरत होते. म्हणाले, "एवढ्या दुरून लोकं बोलावते त्याले. तिकडं काय गानारे भेटत नसतीन? मले बजारात लोकं पुसते, तुहा भाऊ कोनाच्या मांगं वाजवते? मी का सांगू? मलेच ठाऊक नाही."

ते रागाने म्हणाले असते तर मला एवढं लागलं नसतं. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. दोघांचं काम ते एकटे ओढत होते. पेरणी ह्यांच्या कार्यक्रमासाठी कधी थांबली नाही आणि ह्यांचा कार्यक्रम पेरणीसाठी कधी थांबला नाही, कारण मधे तो माणूस उभा होता. कशासाठी एवढं ओढतो आहोत, हे त्याने एकदा तरी कानाने ऐकावं, एवढंच माझ्या मनात बसलं. पण ह्यांच्यापुढे गोष्ट काढली, की हे म्हणत, "दादाले पाटलाचं भजन आवडते. ते आयकू दे." आणि उठून जात.

तशात भासऱ्यांचे कान जायला लागले. आधी आमच्या लक्षातच आलं नाही. खांबाशी ते मोठ्याने बोलायला लागले, एवढंच. मग मी दिलेली उत्तरं त्यांना पोचेनात. सुनेने ओरडायचं नाही, आणि खांबाला तर ओरडल्याशिवाय ऐकू जाईना. "खांबा, दूध नासलं!" असं मी ओरडले, की पलीकडच्या गल्लीतली बाई वाटीत दूध घेऊन यायची. आम्ही हसलो खूप. मग एकदा ते वैद्याकडे जाऊन आले. वैद्य म्हणाला, डावा गेलाच आहे, उजवाही जाईल, तयारी ठेवा. कान जायची तयारी कशी ठेवतात, हे काही त्याने सांगितलं नाही. भासरे दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे वावरात गेले.

त्या दिवशी मी कडब्याच्या खोलीत पेटी उघडली नाही. म्हटलं, "मी नाई वाजवत. तुमी इंदूरच्या लोकायले आयकवता. ज्यानं तुमच्यासाठी दोघायचं औत हाकलं, त्याचा एक कान उरला. तो गेल्यावर कोनाले आयकवान?"

हे बराच वेळ बोटाने तबल्याच्या कडेवर नुसतं टिचकी मारत बसले. मग म्हणाले, "घरीच मांडू. पन कोनी गाईन त मी उठीन."

ठरलं. चैत्रात वावरात काम नसतं, म्हणून रामनवमीच्या दुपारी ओसरीवर बैठक ठेवली. शिरपूरकर पेटीवाल्यांना निरोप धाडला. आता तबल्यात जो माणूस मात्रेचा हिशोब चुकत नाही, त्याला एवढं सुचू नये, की रामनवमीला पोहरादेवीची यात्रा असते आणि सगळ्या मुलखातल्या गाड्या तिकडे जातात! शिरपूरकरांना यायला गाडी मिळाली नाही. आम्हाला हे कळलं ते ओसरीवर माणसं येऊन बसल्यावर, रस्त्याने आलेल्या एका वाटसरूकडून.

माणसं म्हणजे तरी किती? भासरे, त्यांच्या वयाचे दोघे-तिघे, आणि पाटील. पाटलांनी गाणार नाही असा शब्द दिला होता, वर म्हणाले होते, "पन वखत पडला त मले हाक मारजा, लाजू नोका." पेटीवाला येत नाही हे कळताच त्यांनी खाकरून घसा साफ केला. ह्यांनी ते ऐकलं. मला आतून ह्यांचा चेहरा दिसत होता. हे तबल्यावरून हात काढून उठण्याच्या बेतात होते. आणि भासरे, नवा फेटा बांधलेले, उजवा कान पुढे करून, वाट पाहत बसलेले.

जाऊबाईंनी मला कोपराने ढोसलं. "आन ती पेटी."

"अवो बाई, दादायपुढं?"

"मंग का पाटलाले गाऊ द्यू?" असं म्हणून त्यांनी वाळत घालायच्या दोरीवरचं आपलं लुगडं ओढलं आणि ओसरीच्या कडेला आडवं बांधून टाकलं. "याच्या मांगं बस. तेवढी एक ओळ तं येते ना तुले!"

मी लुगड्याआड एका पाटावर पेटी ठेवून बसले. भाता ओढला, ओळ धरली. पलीकडे तबल्यावर थाप पडली. ह्यांना ओळखू आलं होतं. ह्या ओळीवर तर हे रोज घरी येत होते.

थोडा वेळ बरं चाललं. मग भासऱ्यांचा मोठा आवाज आला, "लहान्या, तू मधातच काहून थांबते? अन् फिरून तेच काहून वाजवते?"

जाऊबाई ओरडल्या, "मांगं पेटी हाय! पेटीवर ध्यान द्या!"

"कुठं हाय पेटी? मले त निस्ती धडधड आयकू येते."

माझ्या लक्षात आलं ते इतकं साधं होतं, की आधी सुचलं नाही ह्याचा मला स्वतःचाच राग आला. त्यांना घरच दिसत नव्हतं. घराशिवाय ते भटकणं त्यांना काय कळणार? लुगड्याच्या घडीत माझी ओळ अडकत होती आणि त्या एका कानापर्यंत पोचत नव्हती. मी भाता जोराने ओढू लागले. तेवढ्यात समोर सावली आली. भासरे स्वतः उठून आले होते, आवाज कुठून येतो ते शोधत. त्यांनी लुगडं धरलं आणि बाजूला केलं.

माझा एक हात भात्यावर, दुसरा सुरांवर. पदर घसरला, आणि सावरायला हात नाही. सासरी आल्यापासून त्या माणसापुढे माझं डोकं उघडं पडलं नव्हतं. माझे हात थांबले. पेटी थांबली. तबला एक-दोन बोल पुढे गेला आणि तोही थांबला. पाटलांनी श्वास आत घेतल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

भासऱ्यांनी नजर जमिनीवर टाकली. मग ते वळले. माझ्याकडे पाठ करून, पेटीला अगदी लागून खाली बसले, तोंड भावाकडे आणि उजवा कान पेटीकडे. तिथे खांब नव्हता. ते भिंतीशी बोलले नाहीत, जाऊबाईंशी बोलले नाहीत.

"थांबू नोको, माय," ते म्हणाले. "वाजव."

मी वाजवलं. हे पहिल्यापासून सुरू झाले. मला समोर दिसत होती ती भासऱ्यांची मान आणि फेट्याचा शेव. बराच वेळ ती मान हलली नाही. मग एका समेवर जराशी हलली. पुढच्या समेवर त्यांचा हात गुडघ्यावर पडला, उशिरा पडला. त्याच्या पुढच्याला वेळेवर. मग हे लांब निघाले, ओळ ओलांडून, आणखी ओलांडून, आणि मला भासऱ्यांचा खांदा ताठ झालेला दिसला, पोर विहिरीच्या काठावर गेलं की आपण होतो तसा. आणि हे नेमके समेवर उतरले. भासरे मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "आला! आला ना बावा!" मला रडू कोसळलं, आणि पुसायलाही हात मोकळा नव्हता. ओळ मात्र सरळ ठेवली.

हे शेवटापर्यंत वाजवत गेले. कोणी गायलं नाही. संपल्यावर पाटील मोकळ्या मनाने म्हणाले, "बेस झालं. पन एखांदा गानारा असता, त अजून मजा आली असती."

भासरे अजून पाठमोरेच होते. म्हणाले, "गानारा कायले पाह्यजे? ती घर धरून बसली, अन् हा गावभर हिंडून घरी येते. त्यात तिसऱ्याचं काय काम हाय?"

ह्यांनी उठून थोरल्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. त्यानंतर बाजारात कोणी "तुहा भाऊ कोनाच्या मांगं वाजवते?" असं विचारलं, की भासरे बैल थांबवून त्याला सगळं समजावून सांगत. जाऊबाई म्हणायच्या, आता लोकच विचारायचे थांबले.

दुसऱ्या सकाळी ओसरीवरून हाक आली, "खांबा, च्या झाला का?" मीही पदर ओढून खांबाला सांगितलं, की होतोय. ते तसंच चालू राहिलं. पण दुपारी भासरे वावरातून लवकर परत यायला लागले. कडब्याच्या खोलीत येऊन माझ्याकडे पाठ करून बसत, ऐकत, आणि झालं की उठून बैलांना पाणी दाखवायला जात.

पुढे दुसराही कान गेला. तरी ते येत. पेटीखालच्या पाटावर तळहात टेकवून बसत. जाऊबाई म्हणत, आता काय कळतं त्यांना, सवय म्हणून बसतात. मलाही तसंच वाटायचं. एकदा हे ऐन रंगात असताना मी मुद्दाम पेटीवरून हात उचलला. तबला चालूच राहिला. भासऱ्यांचा तळहात पाटावर तसाच होता, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"थांबू नोको, माय," ते म्हणाले.